कोणतं इंजिन यायला हवं? ब्रिटिश मॉडेल रेल्वेच्या इच्छायादीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश मॉडेल रेल्वेची हौस असलेली चार माणसं एकत्र आली की बोलणं लवकरच एका विषयावर येतं: अमुक इंजिन कधी निघणार, तमुक डब्यांना अजून कुणी हात का लावत नाही. नव्याने या छंदात आलेल्या मराठी मित्रांकडून हेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. बहुतेक मजकूर ओओ प्रमाणाबद्दल, म्हणजे खऱ्याच्या १:७६.२ आकाराच्या मॉडेलांबद्दल आहे, कारण ब्रिटनमध्ये सर्वाधिक खरेदी त्याचीच होते. माझं मत आधीच सांगतो: नामवंत इंजिनं भरपूर झाली. आता रोज राबणारी मालगाडीची इंजिनं, वाघिणी (मालडबे) आणि साधे प्रवासी डबे यांची मागणी जोरात व्हायला हवी.

इच्छायादी म्हणजे नेमकं काय?

खोक्यातून काढून रुळांवर ठेवलं की धावणारं मॉडेल म्हणजे रेडी-टू-रन, बोलताना आरटीआर. आरटीआर स्वरूपात काय काय यावं याची हौशी लोकांनी केलेली यादी ती इच्छायादी. काहीजण स्वतःपुरती करतात. हौशी मंडळींनीच एकत्र येऊन जुन्या कंपन्यांनुसार आणि प्रदेशांनुसार वर्गवारी करून रीतसर मतदानही अनेक वर्षं घेतलं आहे.

उत्पादक या याद्या वाचतात, पण त्यांना बांधील नसतात. मत द्यायला काही लागत नाही आणि चांगल्या टेंडर इंजिनाला (कोळसा-पाण्याचा वेगळा डबा मागे असलेल्या) आज दोनशे पौंडांच्या आसपास मोजावे लागतात, हा फरक त्यांना पक्का ठाऊक असतो.

ओओ आणि एचओ एकाच रुळावर चालतात, मग ब्रिटननेच वेगळं प्रमाण का धरलं?

युरोप-अमेरिकेत रूढ असलेल्या एचओचं प्रमाण १:८७, म्हणजे एका फुटाला ३.५ मिमी. ओओचं प्रमाण १:७६.२, म्हणजे एका फुटाला ४ मिमी. रूळ मात्र दोन्हींचा १६.५ मिमीचा. याचं मूळ ब्रिटिश लोडिंग गेजमध्ये, म्हणजे गाडीच्या उंची-रुंदीवरच्या मर्यादेत आहे. ब्रिटनमधले बोगदे, पूल आणि फलाट फार लवकर बांधले गेले, त्यामुळे तिथली इंजिनं युरोप-अमेरिकेतल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान राहिली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या मॉडेलच्या विजेच्या मोटरी एचओ प्रमाणातल्या ब्रिटिश बॉयलरमध्ये मावत नव्हत्या. तेव्हा रूळ तोच ठेवून वरचं अंग मोठं केलं गेलं. मेकॅनो या खेळणी कंपनीने १९३८ मध्ये हॉर्नबी डब्लो ही मालिका आणली तेव्हा हेच प्रमाण घराघरांत गेलं.

याचा परिणाम आजही डोळ्यांना दिसतो. खऱ्या रुळांची रुंदी ४ फूट साडेआठ इंच. ४ मिमी प्रमाणात ती १८.८३ मिमी व्हायला हवी. १६.५ मिमी म्हणजे जेमतेम ४ फूट दीड इंच. समोरून पाहिलं की इंजिन अरुंद पायांवर उभं असल्यासारखं वाटतं. ज्यांना ते सहन होत नाही ते १८.२ मिमीच्या ईएम किंवा १८.८३ मिमीच्या पी४ प्रमाणाकडे जातात आणि विकतच्या इंजिनांची चाकं बदलतात. त्यांच्या इच्छायादीत म्हणूनच एक वेगळी मागणी असते: चाकं सहज काढता येतील आणि ब्रेकचे ठोकळे बाजूला सरकवता येतील असा सांगाडा द्या. अलीकडच्या काही मॉडेलांत ही सोय दिसते. ती आणखी सर्रास व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण उत्पादकाला तिचा फारसा भार पडत नाही आणि ग्राहक मात्र वाढतात.

सर्वाधिक मागणी कोणत्या काळाची असते?

बराच काळ एकच उत्तर होतं: १९५५ ते १९६८. ब्रिटिश रेल्वेची आधुनिकीकरणाची योजना १९५५ मध्ये आली आणि मुख्य मार्गांवरची नियमित वाफ ऑगस्ट १९६८ मध्ये संपली. या तेरा वर्षांत वाफेची आणि डिझेलची इंजिनं शेजारी शेजारी उभी दिसत. एकाच लेआउटवर, म्हणजे घरी मांडलेल्या रुळांच्या देखाव्यावर, दोन्ही चालवता येतात, म्हणून मॉडेलरला हा काळ सोयीचा. दुसरं कारण वयाचं. फलाटावर वही घेऊन इंजिनांचे नंबर टिपणारी त्या वेळची मुलं पुढे या छंदाची मुख्य गिऱ्हाइकं झाली.

आता १९८० आणि ९० च्या दशकात वाढलेली पिढी हातात पैसे घेऊन उभी आहे. क्लास ३७, क्लास ५०, क्लास ३१ या डिझेल इंजिनांची नव्या साच्यातली मॉडेलं अॅक्युरास्केल या कंपनीने काढली, ती या पिढीसाठी. त्याच वेळी उलट्या दिशेलाही ओढ वाढली आहे. १९२३ च्या ग्रुपिंगमध्ये शंभराहून अधिक कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. त्याआधीच्या काळाला प्री-ग्रुपिंग म्हणतात. तो काळ आठवणारं आज जवळजवळ कुणीच हयात नाही, तरी मागणी आहे. एकदा साउथ ईस्टर्न अँड चॅथम रेल्वेचं हिरवं इंजिन, त्याची पितळी घुमटी आणि बारीक रेषांची सजावट जवळून पाहिली की कारण विचारावं लागत नाही.

शेकडोंनी बांधलेला वर्ग मागे पडतो आणि तीनच उरलेलं इंजिन बनतं, असं कसं?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो.

संख्येचाच निकष असता तर लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचं डीएक्स गुड्स पहिल्या पानावर असतं. रॅम्सबॉटमने आखलेल्या या साध्या ०-६-० इंजिनाच्या (आकडे चाकांचे: पुढची आधाराची, मधली जोडलेली, मागची आधाराची) १८५८ पासून ९४३ प्रती क्रू इथे बांधल्या गेल्या. पण राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वे झाली, त्याच्या कितीतरी आधी ती सगळी भंगारात गेली. जपून ठेवलेलं एकही नाही. मॉडेलरला हे इंजिन कुठे ठेवायचं हेच कळत नाही, कारण त्याच्याकडचे बाकीचे डबे त्या काळाचे नसतात.

आता बिटी वेल टँक पाहा. टँक इंजिन म्हणजे पाण्याची टाकी अंगावरच असलेलं, वेगळं टेंडर नसलेलं इंजिन. लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेची ही छोटी २-४-० इंजिनं लंडनच्या उपनगरी गाड्यांसाठी बांधली गेली. बाकीची केव्हाच मोडीत निघाली, पण १८७४-७५ मधली तीन कॉर्नवॉलच्या वेनफोर्ड ब्रिज शाखेवर थेट १९६२ पर्यंत टिकली, कारण चिनी मातीच्या वाघिणी घेऊन तिथल्या वळणांवरून जाईल असं दुसरं सोयीचं इंजिन सापडत नव्हतं. कर्नोव मॉडेल रेल सेंटर या दुकानाने ते डापोल या उत्पादकाकडून बनवून घेतलं आणि ते खपलं. कारण उघड आहे. इंजिन एवढंसं, पुस्तकांच्या फळीवरच्या लेआउटवरही शोभणारं. ब्रिटिश रेल्वेच्या काळात होतं, त्यामुळे बहुतेकांच्या डब्यांशी जुळतं. तिघांपैकी दोन जपलेली आहेत, म्हणजे मोजमाप घेता येतं. आणि मागे गोष्ट आहे.

उत्पादकाच्या डोक्यात असतात ते निकष साधारण हेच: इंजिन किती वर्षं चाललं, किती प्रदेशांत फिरलं, किती रंगसंगतींत विकता येईल, खरं इंजिन कुठे उभं आहे का, आणि ते लहान वळणावरून जाईल का. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. ब्रिटिश घरं लहान. अनेकांच्या लेआउटवर ४३८ मिमी त्रिज्येचं, म्हणजे हॉर्नबीच्या दुसऱ्या त्रिज्येचं वळण असतं. त्यावरून दहा जोडचाकांचं ९एफ हे मालगाडीचं इंजिन न्यायचं तर मधल्या चाकांना कडा ठेवता येत नाही. योगायोग असा की खऱ्या ९एफच्या मधल्या चाकांनाही कडा नव्हत्या.

फ्लाइंग स्कॉट्समन दर दोन वर्षांनी नव्याने का येतं?

कारण हे नामवंत एक्स्प्रेस इंजिन हमखास विकलं जातं. ज्यांना एरवी रेल्वेशी काही देणंघेणं नाही असे लोक ते नातवासाठी घेतात. त्या विक्रीतून आलेल्या पैशावर कमी खपाच्या मॉडेलांचे साचे निघतात, म्हणून मी त्याच्याविरुद्ध नाही. माझा आक्षेप इच्छायादीत त्याला जागा देण्याला आहे. जे मागितलं नाही तरी येणारच, त्यावर मत वाया का घालवायचं?

मग तुमच्या मते काय मागावं?

०-६-० इंजिनं. ब्रिटनची मालवाहतूक जवळजवळ शंभर वर्षं या चाकरचनेने ओढली. पुढे-मागे आधाराची चाकं नाहीत, सहाच्या सहा चाकं जोडलेली, म्हणजे इंजिनाचं सगळं वजन पकडीसाठी वापरात. प्रत्येक कंपनीचं स्वतःचं ०-६-० होतं आणि बहुतेकींची एकाहून अधिक होती. कोळसा, दूध, गुरं, रविवारची सहलीची गाडी, काहीही ओढायला तीच.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत यात उत्पादकांनी खरोखर चांगलं काम केलं आहे. बाकमनचं साउथ ईस्टर्नचं सी क्लास, हॉर्नबीचं ग्रेट ईस्टर्नचं जे१५ आणि नॉर्थ ब्रिटिशचं जे३६, ऑक्सफर्ड रेलचं डीन गुड्स आणि नॉर्थ ईस्टर्नचं जे२७. यातलं एकही इंजिन वर्तमानपत्रात कधी गाजलं नव्हतं. तरी लोकांनी ती घेतली, एकापेक्षा जास्त घेतली, कारण लेआउटवर खरी रेल्वे अशाच इंजिनांमुळे दिसते. एखाद्या छोट्या शाखेवर दिवसभर दोन ०-६-० आणि एक टँक इंजिन एवढंच चालायचं. तिथे चार पॅसिफिक इंजिनं (एक्स्प्रेस गाड्यांची मोठी ४-६-२) उभी केली की चित्र बिघडतं.

म्हणून मी म्हणतो, यादी करताना आपल्या आवडत्या स्थानकाचा जुना फोटो समोर घ्या आणि मागे उभं असलेलं इंजिन कोणतं ते बघा. मध्यभागी एक्स्प्रेस असेल. तिचं मॉडेल बहुधा मिळतं. मागच्या यार्डातल्या धुरकट इंजिनाचं मिळतं का, हे तपासा.

वाघिणींबद्दल एवढा आग्रह का?

कारण ब्रिटिश रेल्वेवर इंजिनांच्या तुलनेत वाघिणींची संख्या प्रचंड होती आणि मॉडेलच्या जगात त्यांना नेहमी दुय्यम वागणूक मिळाली. जुन्या काळात एकच सांगाडा घ्यायचा आणि त्यावर वेगवेगळी पेटी बसवून वेगवेगळ्या कंपन्यांची नावं छापायची, ही पद्धत होती. सांगाड्याची लांबी चुकीची, चाकांमधलं अंतर चुकीचं, ब्रेकचा दांडा चुकीच्या बाजूला.

सोळा टनी मिनरल वाघीण घ्या. पोलादी, उघडी, कोळशाची, युद्धानंतर लाखोंच्या संख्येने बांधलेली. पेटी साडेसोळा फुटांची, म्हणजे ओओमध्ये ६६ मिमी. चाकांमधलं अंतर ९ फूट, म्हणजे ३६ मिमी. बाजूवर एक पांढरा तिरपा पट्टा असतो. तो शोभेसाठी रंगवलेला नाही. पट्ट्याचं वरचं टोक ज्या बाजूला, त्या टोकाला उघडणारं दार. बंदरावर वाघीण तिरपी करून कोळसा जहाजात ओतताना ती कुठल्या तोंडाने लावायची हे लांबून कळावं म्हणून ही खूण. मॉडेलवर हा पट्टा उलटा छापला तर सगळी वाघीण चुकते. आणि पट्टा बरोबर असेल, पेटीच्या कडेला गंजाचे फोड दाखवले असतील, आतला रंग पार उडालेला असेल, तर अशा वीस वाघिणींमागे ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा) जोडून गाडी हळू सोडून बघा. मला तरी त्यापुढे एक्स्प्रेस नको वाटते.

बदल सुरू झाला आहे. रॅपिडो या कंपनीने ब्रिटिश बाजारात आल्यावर साउथ ईस्टर्न अँड चॅथमच्या उघड्या वाघिणी आणि ब्रेकव्हॅन काढले, तेव्हा प्री-ग्रुपिंग वाघीण नेमक्या मोजमापात तयार मिळते हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटलं. अॅक्युरास्केलनेही ब्रिटिश बाजारात सुरुवात वाघिणींनीच केली. इंजिनाच्या साच्यापेक्षा वाघिणीचा साचा स्वस्त, आणि ग्राहक एक घेत नाही, सहा घेतो. छोट्या कंपनीला हा हिशेब परवडतो. म्हणून इच्छायादीत वाघीण लिहिली तर ती प्रत्यक्षात येण्याची शक्यताही जास्त.

प्रवासी डब्यांत काय कमी आहे?

काळानुसार उत्तर बदलतं. ब्रिटिश रेल्वेचे मार्क १ डबे मुबलक आहेत. साउदर्नचे मॉन्सेल डबे हॉर्नबीने, साउथ ईस्टर्न अँड चॅथमचे बर्डकेज डबे बाकमनने फार सुंदर केले. बर्डकेज म्हणजे गार्डला छतावरून पुढे पाहता यावं म्हणून वर काढलेली काचेची खोली असलेले डबे.

अडचण ग्रुपिंगआधीच्या डब्यांची. प्रत्येक कंपनीची दारं, खिडक्या, लाकडी पट्ट्या वेगळ्या, त्यामुळे एकीचे डबे दुसरीच्या नावाने विकता येत नाहीत. यावर हॅटन्स या लिव्हरपूलच्या जुन्या दुकानाने तोडगा काढला. कुठल्याही एका कंपनीचे नसलेले, पण सगळ्यांशी थोडे थोडे जुळणारे चार आणि सहा चाकांचे डबे त्यांनी जेनेसिस नावाने आणले. हॉर्नबीनेही त्याच धर्तीचे डबे काढले. हॅटन्सने २०२४ मध्ये व्यवसाय आवरला. ही कल्पना मात्र मोलाची होती. काटेकोर मंडळींनी नाकं मुरडली, तरी छोटं प्री-ग्रुपिंग इंजिन घेणाऱ्याला त्यामागे जोडायला काहीतरी मिळालं. माझी पुढची मागणी अशी: आता एकेका कंपनीचे खरे डबे द्या. आणि कॉरिडॉर नसलेले उपनगरी डबे आधी द्या, कारण शाखामार्गावर तेच धावत.

दूध, पार्सल, घोडे, मासे नेणारे डबे प्रवासी गाड्यांनाही जोडले जात. ही सगळी वाहनं इच्छायादीत वरच्या जागेला पात्र आहेत.

ईएमयू आणि डीएमयू एवढे मागे का राहिले?

विजेचा (ईएमयू) किंवा डिझेलचा (डीएमयू) डबासंच बनवायचा तर प्रत्येक प्रकारच्या डब्याला वेगळा साचा लागतो. चार डब्यांच्या संचात तीन वेगळे प्रकार असू शकतात. ग्राहकाला संच पूर्णच घ्यावा लागतो आणि त्याची किंमत इंजिनाच्या दुप्पट होते. शिवाय दक्षिण इंग्लंडमधली तिसऱ्या रुळातून वीज घेणारी गाडी यॉर्कशायरच्या लेआउटवर शोभत नाही.

तरीही बाकमनचे ४-सेप आणि २-ईपीबी, हॉर्नबीचे २-बिल आणि ब्राइटनचा पुलमन असलेली ५-बेल निघाली. लंडनला रोज कामाला जाणारी लाखो माणसं याच गाड्यांतून गेली, आणि मॉडेलच्या दुकानात मात्र वाफेची इंजिनंच जास्त दिसतात. मुंबईच्या लोकलने वाढलेल्या माणसाला हा अन्याय लगेच कळतो.

स्कॉटलंडच्या वाट्याला काय आलं?

फार थोडं, आणि अलीकडे थोडं अधिक. हायलँड रेल्वेचं जोन्स गुड्स हे १८९४ मधलं इंजिन ब्रिटनमधलं पहिलं ४-६-०. डेव्हिड जोन्स यांच्या आराखड्यावर ग्लासगोच्या शार्प, स्टुअर्टने पंधरा बांधली. त्यांपैकी १०३ क्रमांकाचं ग्लासगोच्या रिव्हरसाइड संग्रहालयात उभं आहे. इतकं ऐतिहासिक इंजिन मॉडेलरांना तयार स्वरूपात मिळण्यासाठी रॅपिडोची वाट पाहावी लागली. कॅलेडोनियनच्या निळ्या इंजिनांचीही हीच कथा. स्कॉटिश इंजिनाचं खरेदीदार क्षेत्र लहान, असं उत्पादकांना वाटतं. मला वाटतं की निळा रंग पाहून घेणारे सीमेच्या दक्षिणेलाही खूप आहेत.

दोन कंपन्या एकाच वेळी तेच इंजिन का काढतात?

कारण दोघेही गुप्तता पाळतात आणि दोघेही त्याच याद्या वाचतात. अॅडम्स रेडियल टँक हे उदाहरण. लाइम रेजिसच्या तीव्र वळणांमुळे तीन रेडियल १९६१ पर्यंत टिकली, एक ब्लूबेल रेल्वेवर जपलेलं आहे, आणि मागणी वर्षानुवर्षं होती. २०१५ च्या सुमारास हॉर्नबी आणि ऑक्सफर्ड रेल दोघांनीही ते आणलं. पुढे टेरियर टँक आणि ग्रेट वेस्टर्नचं मॅनर यांचंही तसंच झालं.

ग्राहकाला निवड मिळते हे खरं. पण त्याच खर्चात आणखी एक न झालेलं इंजिन झालं असतं, ही हळहळ राहते. यादीत पहिल्या पाचांत जे आहे ते कुणीतरी हातात घेतलं असण्याचा संभव दाट असतो, म्हणून मी मुद्दाम विसाव्या-तिसाव्या क्रमांकाकडे लक्ष द्या असं सांगतो.

घोषणेपासून हातात पडेपर्यंत किती वेळ जातो?

दोन वर्षं साधारण, चारही लागू शकतात. आधी आराखडे आणि जुने फोटो गोळा होतात. खरं इंजिन कुठे उभं असेल तर लेझरने त्याचं मोजमाप घेतात. त्यावरून संगणकावर त्रिमिती रचना होते. मग पोलादी साचे कापले जातात. इथेच मोठा खर्च आहे, इंजिनासाठी लाख पौंडांच्या पुढे जाऊ शकणारा. एकदा पोलाद कापलं की चूक सुधारणं महाग पडतं. म्हणून साच्यात आधीच सरकते तुकडे ठेवतात, ज्यांनी एकाच साच्यातून दोन प्रकारची धुराडी किंवा तीन प्रकारच्या केबिन काढता येतात.

पहिला नमुना बिनरंगाचा, एका रंगाच्या प्लास्टिकचा येतो. जाणकार त्याचे फोटो बघून घुमटीची उंची, पायरीची जागा, बफरमधलं अंतर यांवर तुटून पडतात आणि अनेकदा त्यांचं बरोबर असतं. मग रंगवलेला नमुना, मग चीनमधल्या कारखान्यातली पाळी, मग जहाज. हॉर्नबीचं उत्पादन १९९० च्या दशकात मार्गेटहून चीनला गेलं. बाकमन तर हाँगकाँगच्या कादर समूहाचीच. कारखाने मोजके आणि गिऱ्हाइकं अनेक, म्हणून पाळी चुकली की महिने जातात.

आगाऊ पैसे द्यावेत का?

आगाऊ नोंदणी आणि आगाऊ पैसे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ओळखीच्या दुकानात नाव नोंदवून, माल आल्यावर पैसे द्यायचे असतील तर जरूर नोंदवा. किती नग बनवायचे हे त्या आकड्यांवर ठरतं आणि नंतर शिल्लक मिळेलच असं नाही.

लोकवर्गणीतून निघणाऱ्या मॉडेलांत मात्र पैसे आधी जातात. रिव्होल्यूशन ट्रेन्सने एन या लहान प्रमाणातली पेंडोलिनो गाडी याच मार्गाने यशस्वी केली. उलट, व्यवसाय बंद पडून लोकांचे पैसे अडकल्याची उदाहरणंही या छंदात घडली आहेत. गेले तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम त्यात घाला. शक्य असेल तर क्रेडिट कार्डाने द्या आणि काम कुठल्या टप्प्यावर आहे याचे पुरावे मागा.

उत्पादकाला मागणी कळवायची तर कशी?

थोडक्यात आणि पुराव्यासह. इंजिनाचा वर्ग, कोणत्या वर्षांत चाललं, कुठे कुठे चाललं, किती रंगसंगती निघतील, जपलेलं इंजिन कुठे आहे, आराखडे कोणत्या संग्रहात मिळतील. एवढं एका पानावर लिहिलं की वाचणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. प्रदर्शनात गेलात तर स्टॉलवर गर्दी नसताना बोला. बर्मिंगहॅमचं वॉर्ली प्रदर्शन २०२३ मध्ये शेवटचं झालं, पण इतर प्रदर्शनांत उत्पादकांची माणसं भेटतात आणि ती आनंदाने ऐकतात.

आणि मागितलेलं आलं की विकत घ्या. वर्षानुवर्षं मागून, आल्यावर सवलतीची वाट पाहणारे लोकच पुढच्या मॉडेलचं नुकसान करतात.

एकच बांधलं गेलेलं प्रायोगिक इंजिन मागावं का?

मागा. केआर मॉडेल्सने जीटी३ हे गॅस टर्बाइन इंजिन काढलं. खरं इंजिन एकच होतं, १९६१ मध्ये लोकांसमोर आलं आणि काही वर्षांतच मोडीत निघालं. हॉर्नबीनेही एकच बांधल्या गेलेल्या डब्ल्यू१ 'हश-हश' इंजिनाचं मॉडेल काढलं. अशा मॉडेलांचा ग्राहक लेआउटवाला कमी आणि संग्राहक जास्त असतो. माझ्या यादीत ती खाली आहेत, दुसऱ्याच्या यादीत वर असू शकतात.

एन, ओ आणि टीटी:१२० मध्ये काय स्थिती?

ब्रिटिश एन १:१४८ मध्ये, ९ मिमी रुळावर. निवड ओओपेक्षा कमी आणि ग्रेहम फॅरिश हे मुख्य नाव. ओ म्हणजे ७ मिमीला एक फूट. पूर्वी फक्त किट बांधणाऱ्यांचं राज्य होतं, आता डापोल आणि हेल्यान यांच्यामुळे छोटी टँक इंजिनं तयार मिळतात. टीटी:१२०, म्हणजे १:१२० प्रमाण, हॉर्नबीने २०२२ मध्ये आणलं. रूळ १२ मिमीचा आणि तो प्रमाणाला बरोबर जुळतो, हे त्याचं मोठं बलस्थान. तिथे सगळीच पाटी कोरी असल्याने ०-६-० आणि वाघिणींची मागणी आत्ताच लावून धरायला हवी.

हवं ते इंजिन कधीच आलं नाही तर?

पितळी पत्र्याचं किंवा व्हाइटमेटल या ओतीव मऊ धातूचं किट बांधा. सुरुवात प्लास्टिकच्या वाघिणीच्या किटने करा. पार्कसाइडची किट आता पेकोकडे आहेत आणि शिकायला उत्तम. हल्ली त्रिमिती छपाईने इंजिनाचं अंग काढून ते विकतच्या सांगाड्यावर बसवणारेही बरेच आहेत. छपाईच्या रेषा घासून काढायला चिकाटी लागते, पण स्वतःच्या हातचं इंजिन स्वतःच्या रुळावर फिरताना पाहण्याचं समाधान फार मोठं.

महाराष्ट्रातल्या माणसाला या ब्रिटिश यादीत आपलं असं काही सापडेल का?

सापडेल, आणि अगदी जवळचं. मँचेस्टर ते शेफील्ड हा वुडहेड मार्ग १९५४ मध्ये पूर्णपणे विजेवर गेला, १५०० व्होल्ट डीसीवर. मुंबईत १९२५ पासून हाच दाब होता आणि तो २०१६ पर्यंत टिकला. वुडहेडवरच्या ईएम१ इंजिनांची विद्युत यंत्रणा मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डब्ल्यूसीपी-१ इंजिनांची विद्युत यंत्रणाही त्याच कारखान्याची, आणि १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन याच इंजिनांनी ओढली. वुडहेडला जोडलेल्या वर्सबरोच्या मालवाहू शाखेवर ४० फुटांना एक फूट चढ, कोळशाच्या गाड्यांना मागून इंजिनं लावून ढकलावं लागे. आपल्या बोरघाटात ३७ ला एक. कर्जतला मागे लागणारी बँकर इंजिनं ज्यांनी पाहिलीत त्यांना वर्सबरोचे फोटो परके वाटत नाहीत.

ईएम१ आणि त्याचं मोठं भावंड ईएम२, दोन्हींची मॉडेलं हेल्यानने ओओमध्ये केली आहेत. त्यांच्यासाठी वुडहेडवरच्या वाघिणी आणि तारांचे खांब मागणाऱ्यांत मीही आहे.

जीआयपीचं इंजिन मात्र स्वतःच बांधावं लागेल. मॉडेलची हौस म्हणजे काय हे आधी पाहायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, तिथे मुलांना घेऊन जा. मग ठरवा: दुकानातला १६.५ मिमीचा रूळ वापरून रुंदीकडे दुर्लक्ष करायचं, की आपला ५ फूट ६ इंचांचा ब्रॉडगेज ४ मिमी प्रमाणात बरोबर २२ मिमीचा टाकायचा. दुसरा पर्याय निवडलात तर रूळ, सांधे आणि चाकांचे आस सगळे घरी तयार करावे लागतील. सुरुवात सरळ रुळाच्या एका फुटाने आणि एका वाघिणीने करा.